शून्य रुग्णांच्या आठवड्यांत घरात काय चाललं होतं? बीड, मार्च ते मे २०२०

बीड जिल्ह्याचा कोरोनाचा आलेख काढायला बसलं, तर सुरुवातीचे आठवडे जवळजवळ सपाट दिसतात. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला आष्टी तालुक्यात एक रुग्ण सापडला. त्यानंतर मेच्या मध्यापर्यंत रुग्णसंख्येची रेघ जमिनीलाच चिकटलेली. मुंबई-पुण्यात हाहाकार चालू होता तेव्हा बीड बातम्यांत 'कोरोनाला रोखून धरलेला जिल्हा' म्हणून येत होता. मग मुंबईहून परतलेल्या काही जणांचे अहवाल पॉझिटिव्ह आले आणि तिथून रेघ वर चढायला लागली.

आता समजा, पन्नास वर्षांनी कुणी बीडमधल्या महामारीचा इतिहास लिहायला घेतला आणि हाच आलेख समोर ठेवला. तो सुरुवात कुठून करेल? मेच्या मध्यापासून. आधीचे सात-आठ आठवडे तो दोन ओळींत संपवेल. पण याच सात-आठ आठवड्यांत जिल्ह्यातलं जवळपास प्रत्येक घर बदललं होतं.

मी विज्ञान शाखेतून आलेय. आमच्याकडे पहिल्याच वर्षी एक गोष्ट सांगतात: तक्त्यातलं शून्य दोन प्रकारचं असतं. एक, मोजलं आणि काही सापडलं नाही. दुसरं, मोजलंच नाही. बीडच्या त्या आठवड्यांत रोगाच्या रकान्यातलं शून्य बरंचसं पहिल्या प्रकारचं आहे. घराच्या रकान्यातलं मात्र दुसऱ्या प्रकारचं आहे. इतिहासात संशोधन करू पाहणाऱ्यांनी हा फरक सुरुवातीलाच ओळखायला हवा. म्हणून हा लेख.

आधी तारखा पक्क्या करू

महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले. मार्चच्या मध्यात राज्यानं १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. २२ मार्चला, रविवारी, जनता कर्फ्यू झाला आणि संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या. २३ मार्चला राज्यात संचारबंदी आली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, एसटी थांबली. २४ च्या रात्री देशभरच्या २१ दिवसांच्या लॉकडाऊनची घोषणा झाली. २५ मार्चला गुढीपाडवा होता.

लॉकडाऊन पुढे ३ मे, १७ मे, ३१ मे असा वाढत गेला. एप्रिलच्या शेवटी केंद्रानं जिल्ह्यांचे लाल, नारिंगी, हिरवे असे गट पाडले, त्यात बीड नारिंगीत होता.

या तारखांत पाडवा का महत्त्वाचा ते बीडकरांना सांगायला नको. ऊसतोडीला गेलेली माणसं पाडव्याच्या आगेमागे परतायला लागतात. मुकादमाचा हिशोब होतो, घराला सारवण होतं, लग्नं ठरतात. नेमकं त्याच आठवड्यात 'आहात तिथेच राहा' असा आदेश आला.

'घर' म्हणजे नेमकं काय मोजायचं?

'घरी राहा, सुरक्षित राहा' या वाक्यात एक गृहीतक दडलेलं आहे: प्रत्येकाला एक घर असतं, घरातली माणसं एकाच ठिकाणी असतात आणि घरात राहिलं की बाहेरचा संपर्क तुटतो. शहरातल्या फ्लॅटला हे बऱ्यापैकी लागू पडतं. बीडला?

भारतीय जनगणनेतली कुटुंबाची व्याख्या बघा. साधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. पण व्याख्येला एक शेपूट आहे: कामाच्या निकडीमुळे एखाद्याला तसं राहता आलं नाही तरी चालेल. बीड जिल्ह्यातली लाखो माणसं वर्षातले पाच-सहा महिने या शेपटातच राहतात.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. त्यातला मोठा हिस्सा दसरा-दिवाळीनंतर सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, नगर आणि सीमेपलीकडे कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातो. मजुरीचं एककच तिथे वेगळं आहे. 'कोयता' म्हणजे एक अवजार नाही, नवरा-बायकोची जोडी. उचल या जोडीला मिळते आणि फेडायचीही जोडीनंच. म्हणजे कामासाठी कुटुंबाचा एक तुकडा, जोडप्याचा, वेगळा काढला जातो. म्हातारी माणसं गावी राहतात. शाळेत जाणारी मुलं कधी आजीजवळ, कधी गावातल्या हंगामी वसतिगृहाच्या आधारानं राहतात. अगदी लहान मूल आईबरोबर फडात जातं. थोरली मुलगी कधी शाळा सोडून कोपीवर धाकट्याला सांभाळायला येते.

समजा, शिरूर कासार तालुक्यातलं एक कुटुंब. (हे उदाहरण मी समजावून सांगण्यासाठी रचलेलं आहे, कुणा एकाची हकीकत नाही.) मार्च २०२० मध्ये आई-वडील आणि तान्हं मूल सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या तळावर. आजी-आजोबा आणि दोन मुलं गावात. थोरला मुलगा पुण्यात एका दुकानात कामाला. एका शिधापत्रिकेवर आठ माणसं, आणि २५ मार्चला ती तीन जिल्ह्यांत अडकलेली. या कुटुंबाचं 'घरातलं रोजचं जीवन' लिहायचं तर कोणत्या घरातलं लिहाल? मला वाटतं, तिन्ही ठिकाणं आणि त्यांना जोडणारा मोबाईल, एवढं सगळं मिळून ते एक घर होतं.

कोपीतलं लॉकडाऊन

तळावरची कोपी म्हणजे बांबू किंवा लोखंडी कमानी, वर पाचट नाहीतर ताडपत्री, आत एक चूल. वाकून आत जायचं. बाहेर बैल, पाण्याची टाकी किंवा नुसता पाइप. कोप्या एकमेकींना लागून. इथे 'अंतर ठेवा' कसं पाळायचं?

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की साखर कारखाने बंद झाले नव्हते. जीवनावश्यक म्हणून गाळप चालू होतं. त्यामुळे देश घरी बसला तेव्हा तोडणी कामगार पहाटे उठून फडात जात होते. ऊस संपत आला तसं काम थांबलं, पण रस्ता बंदच होता. राज्य सरकारनं मार्चअखेर दिलेला आकडा असा: ३८ कारखान्यांवर सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगार तात्पुरत्या निवाऱ्यांत. त्यांच्या जेवणाखाण्याची सोय कारखान्यांनी करावी, असे आदेश निघाले.

आदेश निघाला हे आपल्याला कागदावरून कळतं. पीठ प्रत्यक्ष कधी पोचलं, किती पोचलं, गॅस नसलेल्या तळावर सरपण कुठून आणलं, हे कागदावरून कळत नाही. वाढे विकून रोजचे चार पैसे हातात यायचे, त्याचं काय झालं? आठवडी बाजार बंद असताना तेल-मीठ कुणी दिलं आणि कोणत्या भावानं? उचलीच्या वहीत ते कसं मांडलं गेलं? ही शेवटची ओळ नीट वाचा. लॉकडाऊनमध्ये झालेला खर्च पुढच्या हंगामाच्या उचलीत मिसळला असेल, तर महामारीचा परिणाम २०२० च्या उन्हाळ्यात संपत नाही. तो पुढच्या दोन-तीन हंगामांच्या कर्जात शोधावा लागेल. हा एका पीएचडीचा विषय होऊ शकतो.

परत आले, पण घरी नाही

१७ एप्रिलला राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांना गावी जायची मुभा दिली. अट अशी की कारखान्याच्या ठिकाणी १४ दिवस राहिलेल्यांची वैद्यकीय तपासणी करायची आणि परवानगीसह त्यांना पाठवायचं. मग ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या निघाल्या. जिल्ह्याच्या सीमेवर चेकपोस्ट, तपासणी, नोंद.

आणि गावाच्या वेशीवर? त्या महिन्यांत राज्यभर अनेक गावांनी स्वतःहून रस्ते बंद केले होते. बाभळीच्या काट्या, आडवी लावलेली गाडी, हातानं लिहिलेला बोर्ड. परतलेल्यांची सोय जिल्हा परिषदेच्या शाळेत, नाहीतर स्वतःच्या शेतात. सहा महिन्यांनी आलेली आई शाळेच्या खोलीत आणि मुलं दोनशे पावलांवर घरात, डबा कंपाउंडपर्यंत आणायचा आणि ठेवून मागे सरकायचं, अशी परिस्थिती कित्येक गावांत होती. सरकारी कागदात याला 'संस्थात्मक विलगीकरण' म्हणतात. घराच्या इतिहासात याला वेगळं नाव द्यावं लागेल.

गावाची भीती खोटी होती असंही म्हणता येत नाही. मेमध्ये रुग्ण वाढले ते बाहेरून आलेल्यांतच आधी सापडले. पण त्याच गावची माणसं एका रात्रीत 'बाहेरची' कशी झाली, हा प्रश्न उरतोच. यात जात, भावकी, वस्ती, तांडा यांचा किती भाग होता हे गावागणिक तपासायला हवं. सरसकट विधान करायचा मोह इथे टाळा.

गावातच राहिलेली घरं

सगळेच काही ऊसतोडीला जात नाहीत. गावात राहिलेल्या घरांकडे बघू.

पहिली गोष्ट कापूस. लॉकडाऊन लागला आणि कापसाची सरकारी खरेदी थांबली. पुढे टप्प्याटप्प्यानं सुरू झाली तरी नोंदणी आणि नंबर यांत दिवस गेले. ज्यांनी भाव वाढेल म्हणून माल ठेवला होता त्यांच्या घरात तो तसाच राहिला. दोन खोल्यांच्या घरात एक खोली कापसानं भरलेली, उन्हाळा वाढत चाललेला, कापसातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटलेली. त्यात सगळी माणसं दिवसभर घरात. 'लॉकडाऊनमध्ये कुटुंबाला एकमेकांसाठी वेळ मिळाला' हे शहरी वाक्य इथे तपासून घ्यावं लागतं. मोकळी जागा किती होती, हे आधी विचारा.

दुसरी गोष्ट बायकांचं काम. चैत्र-वैशाख म्हणजे वाळवणाचे दिवस: पापड, कुरडया, शेवया. एरवी हे काम शेजारणी मिळून करतात. हातपंपावर पाणी भरताना, दळण आणताना जे भेटणं-बोलणं व्हायचं तेही आकसलं. उलट जेवणारी तोंडं दिवसभर घरात. शाळा बंद म्हणजे पोषण आहारही बंद. 'आशा' बायका घरोघर फिरून बाहेरून कोण आलं याची नोंद करत होत्या. केंद्रानं या कामासाठी त्यांना महिना १,००० रुपये जाहीर केले होते. त्यांच्या रजिस्टरमध्ये बाकीच्या घरांची नोंद आहे. त्यांच्या स्वतःच्या घरी चूल कधी पेटत होती, ते विचारल्याशिवाय कळणार नाही.

तिसरी गोष्ट पैसा आणि धान्य. २६ मार्चला केंद्रानं एप्रिल ते जून दरमहा माणशी ५ किलो मोफत धान्य, कुटुंबाला १ किलो डाळ आणि महिलांच्या जनधन खात्यात महिना ५०० रुपये जाहीर केले. धान्य मोजलं जातं शिधापत्रिकेवर, आणि पत्रिका असते गावात. खाणारा तळावर. पोर्टेबिलिटी होती, पण परक्या गावच्या दुकानात ती प्रत्यक्षात किती चालली हे विचारून बघण्यासारखं आहे.

चौथी गोष्ट सण. रामनवमी, हनुमान जयंती, आंबेडकर जयंती, सगळं उंबऱ्याच्या आत झालं. रमजान २५ एप्रिलच्या सुमारास सुरू झाला आणि ईद २५ मेला आली. तरावीहची नमाज घरात पढली गेली. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावच्या मोहल्ल्यांत घराची एक खोली महिनाभर प्रार्थनेची जागा झाली. एरवी बाहेर होणाऱ्या गोष्टी घराला आत घ्याव्या लागल्या: मंदिर, मशीद, शाळा, बाजार. दहावीची मुलं तर भूगोलाच्या पेपरसाठी पुस्तक उघडून बसली होती. तो आधी पुढे ढकलला, मग १२ एप्रिलला रद्दच झाला.

मागच्या महामारीत काय उरलं?

१९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाची लोकसंख्या १९११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ३४ लाख होती, १९२१ मध्ये ती सुमारे १ कोटी २५ लाख भरली. दहा वर्षांत वाढ व्हायची तिथे घट. अर्थात सगळी घट साथीची म्हणता येणार नाही. १९१८ चा पाऊस फसला होता, दुष्काळ होता, प्लेगही अधूनमधून होताच.

आकडा आहे, पण घर नाही. कोण आजारी पडलं, पाणी कुणी दिलं, मुलं कुणाकडे ठेवली, यातलं फारच थोडं हाताला लागतं. सांगणारी माणसं गेली.

२०२० ची गंमत उलटी आहे, आणि जरा काळजीची. भारताच्या जनगणनेची घरयादी १ एप्रिल २०२० पासून सुरू व्हायची होती. २५ मार्चला ती पुढे ढकलल्याचं जाहीर झालं, आणि मग ती लांबतच गेली. म्हणजे १९१८ नंतर निदान १९२१ होतं, २०२० नंतर २०२१ आलंच नाही. ज्या वेळी घरं मोजायची होती, त्याच वेळी मोजणी थांबली. आकडा नसेल तर घरातले कागद आणि आठवणी यांची किंमत वाढते.

आधीची पातळी बघितल्याशिवाय 'वाढ' म्हणू नका

एक उदाहरण देते. 'लॉकडाऊनमुळे बीडमध्ये बालविवाह वाढले' हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकलं असेल. ते खरं असू शकतं. शाळा बंद, कमी माणसांत कमी खर्चात लग्न, मुलीला मागे एकटं ठेवायची भीती, ही कारणं पटण्यासारखी आहेत. पण संशोधनात पटणं पुरत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमध्ये २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न १८ च्या आत झालेलं आढळलं. महाराष्ट्रातलं या फेरीचं काम २०१९ मध्येच झालं. म्हणजे हा आकडा लॉकडाऊनच्या आधीचा आहे, तो लॉकडाऊनचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. तो उलट सांगतो की महामारी आली तेव्हाच पातळी इतकी उंच होती. आता प्रश्न नीट मांडता येतो: त्या उन्हाळ्यात लग्नं वाढली, की लवकर झाली, की फक्त गुपचूप झाली? तिन्हींसाठी पुरावा वेगळा लागेल. शाळेच्या पटावरून जून २०२० नंतर गळालेल्या मुली ही एक सुरुवात होऊ शकते.

तुम्ही हे काम करणार असाल तर

१. आधी एकक ठरवा, मग साधनं गोळा करा. 'कुटुंब' म्हणजे शिधापत्रिका, चूल, की उचल घेतलेली जोडी? तिन्हींची उत्तरं वेगळी येतील.

२. मुलाखतीत तारीख विचारू नका, सण विचारा. 'पाडव्याला कुठं होता? आखाजीला कुठं होता? ईदला गावात आला होता का?' २०२० मध्ये पाडवा २५ मार्चला, रामनवमी २ एप्रिलला, अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला होती. या खुंट्यांवर आठवण टांगली की ती बऱ्यापैकी अचूक बसते. प्रयोगशाळेत आपण उपकरण कॅलिब्रेट करतो, तसंच हे.

३. घरातले कागद मागा. पासबुकात ५०० रुपयांच्या नोंदी, तपासणीचं प्रमाणपत्र, प्रवासाचा पास, मुकादमाची वही. ग्रामपंचायतीचे ठराव आणि शाळेचं रजिस्टर रीतसर अर्ज करून बघता येतात.

४. मोबाईलची गॅलरी हे साधन समजा. फोटोला तारीख असते. मात्र परवानगीशिवाय एकही फोटो कॉपी करायचा नाही. उचलीबद्दल, लग्नाच्या वयाबद्दल कुणी बोललं तर त्या माणसाला त्रास होऊ शकतो. नाव, गाव, मुकादम यांपैकी काय लपवायचं ते मुलाखतीआधी ठरवा.

५. एकाच घरातल्या निदान दोघांशी स्वतंत्रपणे बोला, त्यात एक बाई हवी. तळावर राहिलेल्या सुनेची आणि गावात राहिलेल्या सासूची हकीकत एकच असेल असं धरून चालू नका.

काम मात्र लवकर करावं लागेल. पासबुक भरलं की नवं मिळतं, मोबाईल बिघडला की गॅलरी जाते, वही उंदीर खातात. त्या उन्हाळ्यात नातवंडांना सांभाळणाऱ्या आजी-आजोबांचं वय तेव्हाच साठ-सत्तरच्या घरात होतं. तळावर कडेवर असलेलं मूल आता शाळेत जातंय. त्याला स्वतःला यातलं काही आठवणार नाही, पण त्याला कुणी दूध दिलं हे सांगणारी माणसं अजून गावात आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करा.